न उघडलेलं पाकीट

करवंदीच्या जाळीत शहाण्यानं शिरू नये. मी शिरले होते. मे महिन्यातली भर दुपार, सड्यावरचा कातळ तव्यासारखा तापलेला, अंगात नवं पोलकं, आणि माझ्यापासून वीसेक हातांवर इरा एका दगडावर समुद्राकडे तोंड करून बसलेली. तिच्या मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. तिनं झाकण काढलं, आत पाहिलं, झाकण लावलं. थोड्या वेळानं पुन्हा काढलं. आतलं काही बाहेर घेतलं नाही. असं चार वेळा झालं. मी ते मनात नीट मोजून ठेवलं, कारण घरी माझ्या पाढ्यांच्या वहीच्या शेवटच्या पानांवर इराविरुद्धचे अकरा पुरावे लिहिलेले होते. हा बारावा.

इरा माझी जिवाभावाची मैत्रीण होती, हेही सांगून टाकते. पाळत ठेवायची तर ती मैत्रिणीवरच ठेवता येते. परक्या माणसाच्या मागे उन्हातान्हात फिरायला कुणाला सवड असते? शिवाय माझा स्वभावच संशयी. आई म्हणायची, "हिला देवानं हातात प्रसाद ठेवला तरी ही आधी हुंगून बघेल." साल बेचाळीसचं होतं, मी अकरा वर्षांची होते, आणि जपानी आज ना उद्या आमच्या देवगड तालुक्यात उतरणार याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. उतरून ते काय करणार, नारळ मोजणार की काय, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. सुट्टी लागायच्या आधी शाळेत गुरुजींनी बजावलं होतं, "हेर आपल्यातच असतात. आपल्यासारखेच दिसतात, आपलीच भाषा बोलतात." मी तेव्हाच वर्गावरून नजर फिरवली. आपल्यासारखी दिसणारी, आपली भाषा बोलणारी, पण बाहेरून आलेली अशी एकच मुलगी तिथं होती.

इरावती पराडकर रंगूनमध्ये जन्मली. त्या देशातल्या मोठ्या नदीचं नाव तिच्या वडिलांनी तिला ठेवलं. ते एका लाकडाच्या वखारीत कारकून होते. रंगूनवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा त्यांनी बायकोला आणि मुलीला कलकत्त्याच्या बोटीत चढवलं आणि "मागच्या बोटीनं येतो," म्हणाले. मागची बोट काही आली नाही. मग रंगून पडलं. मायलेकी आमच्या गावी इराच्या चुलत्यांकडे, दादा पराडकरांकडे, येऊन राहिल्या. त्या घरात दादांच्या एक विधवा आत्याबाई होत्या. लाल अलवण नेसायच्या, दर महिन्याला न्हावी येऊन त्यांचं डोकं करून जायचा. इराच्या आईला गावानं नाव ठेवलं रंगूनकाकू. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि कपाळावर एवढं मोठं कुंकू, की आत्याबाई म्हणायच्या, "असू दे हो, आहे तोवर लावून घे." हे त्या मायेनं म्हणायच्या की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

इरानं मला बर्मी आकडे शिकवले. तिट्, न्हिट्, थोन, ले, ङा. ङाशी पोचलो की आम्ही दोघी हसून लोळायचो. ती फणसाचे गरे पहिल्यांदा खाताना आठळीसकट गिळायला निघाली तेव्हा मी तिला वाचवलं. मला खोकला झाला तेव्हा तिनं तिच्याकडची कसली तरी चिनी गोळी मला दिली, आणि ती मी हुंगून न बघता खाल्ली. माझ्या हिशेबी ही मैत्रीची कमाल होती.

पण दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. ती कागदाच्या चिटोऱ्यांवर गोलगोल अक्षरं काढायची, जशा काही वाटोळ्या चकल्या पाडून ठेवल्यात. मी गेले की हात आडवा धरायची. हा पुरावा पहिला. जपान्यांच्या विमानाचा आवाज ती तोंडानं हुबेहूब काढायची, हा दुसरा. बाकीचे त्याच तोलाचे होते. सगळ्यात भारी पुरावा मिळाला सहा मेला.

माझे बाबा, शेवडे मास्तर, गावचे पोस्टमास्तर. पोस्ट म्हणजे आमची पडवी. एक टेबल, एक तराजू आणि एक शिक्का. त्या दिवशी बाबा हिवतापानं आत कुडकुडत पडले होते. तालुक्याहून टपालाची पिशवी घेऊन येणारा रामा घाडी पायरीवर टेकला.

"मास्तर खंय? ताप उतरलो की नाय?"

"नाही. मीच घेते पिशवी."

"घी गो बाय. माका अजून दोन गाव करूचे आसत."

आतून बाबा ओरडले, "अंबू, पिशवी सोडव! नुसती लावून ठेव, वाटायला जाऊ नकोस."

मी सोडवली. चौदा कार्डं आणि एक जाडजूड पाकीट. पाकिटावर इंग्रजी पत्ता, कडेला सरकारी पट्टी, मागं काहीतरी छापलेलं, आणि वरच्या कोपऱ्यात निळसर तिकीट. तिकिटावर माड! आमच्या परसात होते तसेच माड, पण तिकिटावर. असली तिकिटं सिलोनची असतात, हे मला ठाऊक होतं. पत्त्यातलं पराडकर एवढं मला लावता आलं. कार्डं मी जागेवर ठेवली आणि पाकीट घेऊन धूम ठोकली. त्या काळी मी तिकिटं जमवत असे, त्यामुळे ते काम वाटेतच उरकलं. पत्र हातात आल्यावर तिकिटाकडे कोण बघतं?

इरा त्यांच्या विहिरीवर एकटीच होती. मी धापा टाकत म्हटलं, "पत्र! सिलोनचं!"

तिनं हात पुसून पाकीट घेतलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. तिला इंग्रजी यायचं. मला वाटलं, ती नाचेल. ती नाचली नाही. तिच्या तोंडावरचा रंग असा गेला की मी तिच्या पायाकडे पाहिलं, विंचू तर नाही ना चावला म्हणून. मग तिनं पाकीट परकराच्या ओच्यात खुपसलं.

"अंबू, आईला सांगू नकोस. मी देईन तिला."

"कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही."

कुणाचं नाही असं पत्र कधी असतं? मी पोस्टमास्तरची मुलगी. दुसऱ्या दिवशी रंगूनकाकू रोजच्यासारखी पोस्टात आली. बरोबर इरा.

"मास्तर, काही आलं का हो?"

बाबा शाल गुंडाळून टेबलाशी बसले होते. "नाही हो वहिनी. आलं की मीच घेऊन येईन की धावत."

इरा खाली जमिनीकडे बघत होती. म्हणजे तिनं आईला पत्र दिलंच नव्हतं. मी तोंड उघडायला हवं होतं. पण पाकीट मी परस्पर नेलं होतं, तिकीट माझ्या तिकिटांच्या वहीत होतं, आणि बाबा बसले होते समोर. मी पण जमिनीकडे बघायला लागले.

असे तेवीस दिवस गेले. काकू रोज यायची, रोज विचारायची, बाबा रोज नाही म्हणायचे. आणि माझं डोकं चालायला लागलं. इराचे बाबा रंगूनमध्ये. पत्र सिलोनचं. म्हणजे ते बाबांचं नाही. आईपासून लपवलं, म्हणजे चांगलं नाही. सिलोनवर जपान्यांनी नुकते बॉम्ब टाकलेले, हे बाबांनीच वाचून दाखवलं होतं. आता आणखी काय हवं? शिवाय त्या दिवसापासून ती माझ्याशी धड बोलत नव्हती आणि रोज दुपारी डबा घेऊन सड्यावर जायची, जिथून अख्खा समुद्र दिसतो. कुणाला तरी खूण करत असणार. मी आता हसते, पण तेव्हा मला खरंच भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा राग. मला न सांगता जपान्यांना सांगते म्हणजे काय!

त्या दुपारी, शुक्रवार होता तो, तिनं पाचव्यांदा झाकण काढलं आणि माझा धीर सुटला. मी जाळीतून बाहेर उडी मारली. पोलकं फाटल्याचा आवाज आला.

"दाखव! काय आहे त्यात?"

ती दचकून उठली, डबा पोटाशी धरून मागं सरली. "अंबू? तू इथं काय करतेस?"

"मी काय करते ते सोड. तू काय करतेस? जपान्यांना काय लिहितेस?"

"कुणाला?"

मी डब्याला हात घातला. ओढाताण झाली. इरा हाडकुळी होती पण चिवट. शेवटी डबा कातळावर पडला, झाकण घरंगळत गेलं आणि आतले चिटोरे पसरले. सगळे गोलगोल अक्षरांचे. त्यांच्यामध्ये ते पाकीट. मी झडप घालून उचललं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की ते अजून चिकटवलेलंच होतं.

"तू हे उघडलं पण नाहीस?"

इरा खाली बसली. चिटोरे वेचायला लागली. मी उलट काही विचारायच्या आत तीच बोलली.

"मागं काय छापलंय वाच."

"मला इंग्रजी येत नाही."

"कोलंबोचं इस्पितळ आहे. आणि अक्षर बाबांचं नाही." तिनं पाकिटाकडे बोट केलं. "आणि कोपरा बघ."

मी कोपरा पाहिला.

"आमच्याकडे रंगूनला तसं पत्र आलं होतं एकदा, आजी गेली तेव्हा," ती म्हणाली. "कोपरा फाडलेलं. आईनं ते वाचायच्या आधीच रडायला सुरुवात केली. मी विचारलं तर म्हणाली, माणूस गेल्याचं पत्र असंच पाठवतात, घरात नुसतं शिरलं तरी कळावं म्हणून."

आता पोस्टमास्तरच्या मुलीला कोपरा फाटलेल्या पत्राचा अर्थ माहीत नव्हता, असं कोण मानेल? चांगला माहीत होता. अशी कार्डं बाबा हातात वेगळी धरायचे आणि घरच्या कर्त्या माणसाला बाजूला बोलावून द्यायचे. वाचून झालं की लोक ती फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. सगळं मला माहीत होतं. पण सहा मेला, वाटेतल्या दगडी गडग्याच्या आड उभं राहून मी तिकीट टरकावलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तिकीट होतं, कोपरा नव्हता.

"उघडलं की ते खरं होईल," इरा म्हणाली. "मग आत्याबाई आईच्या बांगड्या फोडतील. न्हाव्याला बोलावतील. मी बघितलंय त्या कशा बसतात न्हाव्यापुढं." तिनं एक चिटोरा उचलून धरला. "मी बाबांना रोज लिहिते. बर्मीत लिहिते, आईच्या हाती लागलं तरी तिला वाचता येऊ नये म्हणून. तुम्ही गेलात ते मी आईला सांगितलेलं नाही, असं लिहिते."

मी तिथंच सांगायला हवं होतं. एवढंच वाक्य होतं: इरा, कोपरा मी फाडला. माझे ओठ हललेसुद्धा. पण मला बाबा दिसले. लढाईचे दिवस, टपालाशी खेळ केला म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या एका पोस्टमनला बेड्या घालून नेल्याचं रामानं आम्हाला रंगवून सांगितलं होतं. मी म्हटलं, "मी कुणाला नाही सांगणार." आणि घरी आले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. बाबांनी नुसतं "पोलकं कुठं फाडलंस?" विचारलं, तर मला वाटलं त्यांना सगळं कळलं.

शनिवार गेला. रविवार गेला. मी वहीतले बारा पुरावे रबरानं खोडले, कागद फाटेपर्यंत खोडले. तेवढंच काय ते केलं.

सोमवारी सकाळी आई म्हणाली, पराडकरांकडे ताक देऊन ये. मी गेले तर त्यांच्या मागल्या अंगणात न्हावी आलेला. आत्याबाई पाठमोऱ्या बसलेल्या, डोकं खाली घातलेलं. आणि इरा मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उभी राहून ते बघत होती. वस्तरा फिरत होता तशी तिची मान हलत होती. आतून काकूच्या बांगड्यांचा आवाज येत होता, ती भाकऱ्या थापत होती. इरा एकदम वळली आणि गोठ्यामागं जाऊन ओकली.

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं आणि तिच्यामागं गेले.

"इरा, तो कोपरा मी फाडला."

तिनं तोंड पुसलं. "काय?"

"मी तिकीट काढलं. वाटेत. कोपऱ्यासकट आलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी तेवीस दिवस तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं तीच नजर मला परत मिळाली. "खोटं बोलतेस. मला बरं वाटावं म्हणून."

"देवाशपथ!"

"तुझी देवाशपथ मला माहीत आहे. तू फणसाचीसुद्धा घेतेस."

मग मी घरी पळाले, वहीतून तिकीट काढलं आणि परत पळाले. इरानं डबा आणला होता. मी तिकीट पाकिटाच्या फाटक्या कडेला लावलं. ते बसलं. कागदाचा एक धागा इकडून तिकडं नीट जुळला. इरानं त्या सांध्यावरून बोट फिरवलं.

"कुणाला सांगू नकोस," मी म्हटलं. मला रडू फुटलं होतं. "बाबांची नोकरी जाईल. त्यांना धरून नेतील."

 तिनं पाकीट फोडलं. आत मराठी पत्र होतं, वाकडंतिकडं, पहिलीतल्या पोरानं लिहावं तसं. तिनं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला किंचाळली, "डाव्या हातानं लिहिलंय! उजवा भाजलाय. अंबू, बाबा आहेत! बाबा आहेत!" तिनं मला मिठी मारली, आम्ही दोघी शेणाच्या गोवऱ्यांवर पडलो, आणि मला वाटलं सुटले मी. मग तिनं पुढचं वाचलं, मोठ्यानं.

लिहिलं होतं, की मागची बोट बॉम्बनं पेटली, वाचलेल्यांना कोलंबोला आणलं, आणि तुमची बोट बुडाली असं इथं सगळे सांगतात. गावी तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. हे शेवटचं. इस्पितळातून आता काढतील. एका मालबोटीवर कारकुनाचं काम मिळतं आहे, ती एकतीस मे, रविवारी सुटते. तोवर तारेची वाट बघतो. तार आली नाही तर तुम्ही दोघी नाहीत असं धरून चालेन. मग गावी येऊन तरी तोंड कुणाला दाखवू.

 इरानं बोटांवर दिवस मोजले, एकदा, मग दुसऱ्यांदा. एकतीस मे म्हणजे काल. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.  उठली आणि घरात धावली. तिकीट तिच्या मुठीत राहिलं होतं.

मी दारात पोचले तेव्हा काकू चुलीपुढं बसूनच पत्र वाचत होती. हाताला पीठ. ती हसत होती, रडत होती, मध्येच पत्र कपाळाला लावत होती. दादा बाहेरून आले, आत्याबाई डोक्यावर पदर घेत आल्या. मग काकूनं पाकीट उलटून शिक्का पाहिला.

"हे कधी आलं?"

"सहा मेला," इरा म्हणाली.

"सहा... आणि आज? कुठं होतं हे?"

"माझ्याकडे."

दादांनी पाकीट घेतलं. ते संशयी माणूस, माझ्यासारखेच. "आणि हे फाडलेलं कसं? पोस्टातच फाडलं की काय कुणी?" ते दारात माझ्याकडे बघत होते. "शेवड्यांकडून आलं ना हे? मास्तरला विचारायला हवं. वर लिहायला हवं."

 आता बोल, आता बोल, असं मी स्वतःला सांगत होते.

इरानं मूठ उघडली. "मी फाडलं. तिकिटासाठी. मग भीती वाटली, म्हणून लपवलं."

काकूनं तिला मारलं. मी लहानपणी मार पाहिला होता, खाल्लाही होता, पण तसा नाही. ती पिठाच्या हातांनी मारत होती आणि तोंडानं एकच म्हणत होती, "एका तिकिटासाठी? एका तिकिटासाठी?" इरानं हात वर केला नाही. काकूच्या हातातल्या दोन बांगड्या इराच्या पाठीवर फुटल्या. तेव्हा कुठं आत्याबाई पुढं झाल्या आणि त्यांनी तिचे हात धरले. "पुरे गो, पुरे. वाढवल्यास बघ बांगड्या. नवऱ्याचं पत्र आलंय ना आज!"

मी दारातून हलले नाही. आणि बोललेही नाही.

बाबा अंगात पुन्हा ताप भरलेला असताना देवगडपर्यंत चालत गेले आणि तार करून आले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. पराडकर रविवारी बोटीवर गेले. बोट कोणत्या बंदराला जाणार ते लढाईमुळे सांगता येत नाही. बाबांनी ते काकूला वाचून दाखवलं, चष्मा काढून पुसला, आणि त्याच दुपारी बोटींच्या कंपन्यांना पत्रं लिहायला बसले. पुढं ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले, दर महिन्याला, स्वतःच्या पदरचं टपाल घालून. माझी तिकिटांची वही त्या आठवड्यात फडताळातून नाहीशी झाली. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. काकू इराला घेऊन मुंबईला भावाकडे गेली. बंदराजवळ असलेलं बरं, म्हणाली.

पराडकर सापडले. पंचेचाळीस साल संपता संपता बाबांच्या एका पत्रानं त्यांना आफ्रिकेच्या कुठल्याशा बंदरात गाठलं. सेहेचाळीसच्या मार्चमध्ये तिघंही गावी आली, आणि उतरल्या उतरल्या आधी आमच्या पडवीत आली. इराचे वडील काळे पडले होते, उजव्या हाताची बोटं आखडलेली. त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला. बाबा संकोचून उभेच राहिले. चहा झाला, पोहे झाले. काकूच्या हातात चुडा भरलेला होता. इरा उंच झाली होती, ती माझ्या शेजारी बसली होती आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हते.

"मास्तर, तुमचे उपकार," तिचे वडील म्हणाले. मग त्यांनी इराची वेणी ओढली. "नाहीतर ही आमची तिकीटचोर! हिच्या एका तिकिटापायी चार वर्षं दर्यावर काढली मी."

सगळे हसले. काकूही हसली. घरात तिचं ते नावच पडलं होतं. इराही हसली, सवयीनं हसावं तशी.

"काका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "ते तिकीट..."

बाबांच्या हातातली बशी थांबली. इरा उठली. "अंबू, तुमच्या विहिरीचं पाणी दे ना मला, चल." तिनं माझं मनगट धरून मला उठवलं आणि मागल्या दारानं बाहेर नेलं.

विहिरीशी तिनं हात सोडला. "सांगणार होतीस?"

"हो."

"आत्ता?"

"मग किती दिवस ऐकून घेणार तू? मला ऐकवत नाही. ते हसतात आणि मला..."

"हसू देत." ती रहाटाच्या खांबाला टेकली. चिडलेली नव्हती. "तू शुक्रवारी सड्यावरून उतरलीस. सांगितलंस सोमवारी. बोट सुटली रविवारी. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू तिकिटाचं सांगायला बसलीस की बाबा विचारतील, कधी कळलं, केव्हा सांगितलंस. ते कारकून आहेत, तारखा धरून बसतात. तिकिटाचं त्यांना हसू येतं, अंबू. त्या तीन दिवसांचं येणार नाही."

मी पोहरा ओढून तिच्यापुढं धरला. ती पोहऱ्यातलं पाणी ओंजळीनं प्यायली, तोंड पुसलं आणि आत गेली. आत तिचे वडील पुन्हा काहीतरी म्हणाले असावेत, कारण पुन्हा हसण्याचा आवाज आला. थोड्या वेळानं मीही आत गेले आणि सगळ्यांबरोबर हसले.